खुर्चीतला इलाज, खाटेचा विमा

पुण्यात कोथरूडच्या डहाणूकर कॉलनी किंवा मयूर कॉलनीतल्या एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी साडेसातच्या सुमारास चक्कर मारली, तर बंद गाडीत इअरफोन घालून बोलत बसलेलं कुणीतरी दिसू शकतं. घरी दोन खोल्या, आईवडील टीव्हीसमोर, मुलं अभ्यासाला. थेरपिस्टशी मोकळं बोलायला गाडीइतकी खाजगी जागा दुसरी नाही. ऑनलाइन थेरपीने कोथरूडकरांचा जायचा-यायचा वेळ वाचवला, कर्वे रस्त्यावर गाडी लावायला जागा शोधणं वाचवलं आणि दवाखान्याच्या जिन्यात ओळखीचं कुणी भेटेल ही धास्तीही वाचवली. पैसे मात्र फारसे वाचले नाहीत.

पुण्यात खाजगी थेरपिस्टची फी पंचेचाळीस-पन्नास मिनिटांच्या सेशनला साधारण हजार रुपयांपासून अडीच-तीन हजारांपर्यंत असते. दीड हजार धरले आणि आठवड्याला एक सेशन म्हटलं, तर महिन्याला सहा हजार झाले. चिंता किंवा नैराश्यासाठी जी विचार-वर्तन पद्धतीची थेरपी देतात, तिची साधारण बारा ते वीस सेशन्स होतात. म्हणजे अठरा ते तीस हजार. जुनी दुखणी, लहानपणापासूनचे घाव, मोडलेली नाती यांचं काम वर्षभर चालू शकतं आणि मग आकडा सत्तर हजारांच्या पुढे जातो. तिसऱ्या-चौथ्या सेशननंतर घरात कुणीतरी विचारतंच, ‘हे मेडिक्लेममध्ये बसत नाही का?’

एजंटला फोन केला तर तो म्हणतो, मानसिक आजार कव्हर आहे, आता कायदाच आहे तसा. त्याच्या शब्दावर बिलं पाठवली तर क्लेम फेटाळल्याचं पत्र येतं. गंमत अशी की एजंट खोटं बोललेला नसतो आणि कंपनीनेही बहुधा नियम मोडलेला नसतो.

कायदा खरोखरच आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली मंजूर झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २१(४) मध्ये एका वाक्यात सांगून टाकलं आहे की शारीरिक आजाराच्या उपचारांसाठी ज्या धर्तीवर वैद्यकीय विमा दिला जातो, त्याच धर्तीवर प्रत्येक विमा कंपनीने मानसिक आजारासाठीही तो दिला पाहिजे. त्याआधी पॉलिसीच्या मागच्या पानांवर ‘हे आम्ही देणार नाही’ अशी जी यादी असायची, तिच्यात सौंदर्यशस्त्रक्रियेच्या आसपास कुठेतरी मानसिक विकारही बसवलेले असत. कायदा लागू झाल्यावर विमा नियामक असलेल्या इर्डाने १६ ऑगस्ट २०१८ ला परिपत्रक काढून कंपन्यांना तो ताबडतोब पाळायला सांगितलं. २०१९ मध्ये वगळण्याच्या याद्या प्रमाणित केल्या, तेव्हाही मानसिक आजार सरसकट वगळता येणार नाही असं बजावलं. तरी चालढकल सुरूच राहिली आणि अखेर ३१ ऑक्टोबर २०२२ ही तारीख घालून द्यावी लागली. साडेचार वर्षं एका वाक्याची अंमलबजावणी चालली होती.

मधल्या काळात दोन प्रकरणं न्यायालयात गेली. दिल्लीच्या एका महिलेला २०२० मध्ये मानसिक आजारामुळे रुग्णालयात ठेवावं लागलं. नॅशनल इन्शुरन्सने वगळण्याच्या जुन्या कलमाकडे बोट दाखवून क्लेम नाकारला. दिल्ली उच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०२१ ला निकाल दिला की कायदा लागू झाला त्या दिवसापासून हे कलम निरर्थक झालं आहे, क्लेमचे पैसे द्या आणि वर पंचवीस हजार रुपये खर्चही द्या. दुसरं प्रकरण जास्त बोलकं होतं. पॉलिसी पस्तीस लाखांची, पण मानसिक आजार असेल तर मर्यादा पन्नास हजारांची. कव्हर आहे म्हणायला आहे, आणि बिल भरायची वेळ आली की नाही. अशी उपमर्यादा आजही एखाद्या जुन्या पॉलिसीच्या कोपऱ्यात सापडू शकते, म्हणून ती आपल्या पॉलिसीत आहे का हे आधी बघावं.

आता मुद्द्याचं. कायदा म्हणतो ‘शारीरिक आजाराच्या धर्तीवर’. मग शारीरिक आजाराची धर्ती काय आहे? कोथरूडमधल्या मधुमेही आजोबांना विचारा. दर तीन महिन्यांनी डॉक्टर, महिन्याची गोळ्यांची पिशवी, रक्ताच्या तपासण्या, सगळं खिशातून. मेडिक्लेम जागा होतो तो रुग्णालयात चोवीस तास खाट अडवली तर, किंवा मोतीबिंदूसारखी डे-केअर यादीतली शस्त्रक्रिया झाली तर. आपल्याकडचा आरोग्य विमा मुळात खाटेचा विमा आहे. डॉक्टरसमोरच्या खुर्चीत बसून जे होतं त्याला ओपीडी म्हणतात आणि साध्या पॉलिसीत ओपीडी नसते. थेरपी तर पूर्णपणे खुर्चीतलाच इलाज आहे, आणि आता ती खुर्चीसुद्धा आपल्याच घरातली किंवा गाडीतली. तेव्हा कायद्याने समानता दिली आणि ती समानता तंतोतंत मिळालीही. मधुमेह्याला जसं काही मिळत नाही, तसं नैराश्यवाल्यालाही मिळत नाही.

माझ्या मते इथे कायदा करणाऱ्यांची नजर जरा जुनी होती. मानसिक आजार म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर येरवड्याच्या मनोरुग्णालयाचा वॉर्ड होता. वॉर्डात जावं लागू नये म्हणून जो वर्षानुवर्षं थेरपिस्टकडे जातो, तो त्या वाक्याच्या बाहेर राहिला. विम्याच्या हिशेबातही हे शहाणपणाचं नाही. वेळेवर झालेली पंधरा सेशन्स ही पुढच्या तीन आठवड्यांच्या रुग्णालयवासापेक्षा कंपनीला स्वस्त पडतील. पण हा हिशेब एका वर्षाच्या हप्त्यात दिसत नाही आणि ग्राहक पुढच्या वर्षी दुसरीकडे जाईल ही भीती कंपनीला असतेच.

ओपीडीची भिंत ओलांडली तरी दोन उंबरे उरतात. पहिला उंबरा म्हणजे डॉक्टर कोणाला म्हणायचं. विम्याच्या प्रमाणित व्याख्येत वैद्यकीय व्यावसायिक म्हणजे वैद्यक परिषदेकडे नोंदणी असलेला माणूस: ॲलोपॅथीचा, आयुर्वेदाचा, होमिओपॅथीचा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिॲट्रिस्ट या व्याख्येत बसतो, कारण तो आधी एमबीबीएस आणि नंतर एमडी किंवा डीपीएम झालेला असतो. औषधं लिहून देण्याचा अधिकारही त्याला असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी असते ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे. ही परिषद १९९२ च्या कायद्याखाली चालते. आपला थेरपिस्ट बऱ्याचदा यापैकी कुणीच नसतो. त्याने मानसशास्त्रात एमए केलेलं असतं, एखाद्या पद्धतीचं प्रशिक्षण घेतलेलं असतं, कामही चांगलं करत असतो, पण विमा कंपनीच्या फॉर्ममधल्या नोंदणी क्रमांकाच्या रकान्यात लिहायला त्याच्याकडे काही नसतं. २०२१ मध्ये संबद्ध आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आणि त्याच्या यादीत मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक आले. ती नोंदणी राज्याराज्यांत व्यवस्थित उभी राहिली, तर हा उंबरा खाली येईल.

करोनाने एक दार मात्र उघडलं. टाळेबंदी लागली त्याच दिवशी, २५ मार्च २०२० ला, केंद्राने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली आणि त्याच जूनमध्ये इर्डाने कंपन्यांना सांगितलं की पॉलिसीत जिथे जिथे डॉक्टरचा सल्ला मान्य आहे, तिथे व्हिडिओवरचा सल्लाही मान्य करा. म्हणजे ‘ऑनलाइन होतं म्हणून पैसे देत नाही’ हे कारण आता चालत नाही. पण ही सवलत नोंदणीकृत डॉक्टरला आहे. पॉलिसीत ओपीडी असेल, तर सायकिॲट्रिस्टची व्हिडिओ तपासणी बसते. सायकॉलॉजिस्टचं सेशन बसतं ते पॉलिसीच्या शब्दांत तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच.

दुसरा उंबरा आजाराचा. २०१७ च्या कायद्यातली मानसिक आजाराची व्याख्या कडक आहे: विचार, मनःस्थिती, आकलन किंवा स्मृती यांत असा मोठा बिघाड, की माणसाचा निर्णय, वागणं, वास्तवाचं भान किंवा रोजचं जगणं त्यामुळे ठळकपणे कोलमडतं. लग्न टिकवावं की नाही या विचाराने झोप उडालेला माणूस, वडील गेल्यानंतर सावरू न शकलेली मुलगी, हिंजवडीच्या कंपनीतून कर्वे पुतळ्यापर्यंत दीड तास गाडी चालवून आल्यावर घरात कुणाशीही बोलावंसं न वाटणारा टीम लीड, यांना थेरपीची गरज असते, पण निदानाचा शिक्का त्यांच्यावर बसेलच असं नाही. विमा निदानाला पैसे देतो. थेरपिस्ट अनेकदा मुद्दामच शिक्का मारत नाहीत आणि ते बरोबरच करतात.

याच व्याख्येत एक विचित्र विसंगती आहे, ती पुणेकरांना जास्त बोचावी. दारू आणि इतर पदार्थांच्या अतिवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था कायद्याने मानसिक आजारात धरल्या आहेत. पण इर्डाच्या प्रमाणित यादीत कंपन्यांना जे वगळायची मुभा आहे, त्यात बारावा क्रमांक व्यसनाधीनतेच्या उपचारांचाच आहे. पॉलिसीत तो ‘एक्सक्लूजन १२’ म्हणून छापलेला असतो. ज्या शहरात १९८६ साली येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं आणि व्यसन हा आजार आहे हे घरोघर पोचवण्यात चार दशकं गेली, त्या शहरातल्या पॉलिसीच्या कागदावर दारू अजून विम्याबाहेरच आहे. व्यसनमुक्तीचा खर्च करायची वेळ आलीच, तर मेडिक्लेम धरून बजेट आखू नये.

मग मिळतं तरी काय? तीन ठिकाणी काही ना काही मिळतं.

ओपीडीचा रायडर किंवा ओपीडी असलेली पॉलिसी हा सरळ मार्ग वाटतो, पण इथे आकडेमोड केल्याशिवाय सही करू नये. समजा रायडरचे वर्षाला सहा हजार जास्त पडतात आणि ओपीडीची मर्यादा पंधरा हजार आहे. वरवर नऊ हजारांचा फायदा. आता बारीक अक्षरं वाचायची. दर भेटीला हजाराचीच कमाल मर्यादा असेल तर दीड हजारांच्या सेशनमधले पाचशे आपलेच. वीस टक्के हिस्सा ग्राहकाने भरायचा असेल तर आठशेच हातात येतात. कंपनीच्या यादीतल्याच थेरपिस्टकडे जायचं असेल आणि मराठीत बोलणारा, संध्याकाळी सातनंतर वेळ देणारा त्या यादीत एकच असेल, तर उरलेला हिशेबही सोडून द्यावा. बारा सेशन्सचे आठशेप्रमाणे नऊ हजार सहाशे झाले, त्यातून रायडरचे सहा हजार वजा. वर्षाकाठी तीन हजार सहाशेंच्या सवलतीसाठी बिलं चिकटवत बसायची तयारी असेल तर जरूर घ्यावा. एवढंच की २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, त्यामुळे हप्त्याचा हिशेब थोडा हलका झाला आहे.

दुसरं ठिकाण रुग्णालयवासाच्या मागेपुढे. बहुतेक पॉलिसींत दाखल होण्याआधीचे तीस दिवस आणि घरी आल्यानंतरचे साठ दिवस यांतला त्याच आजाराचा खर्च मिळतो. काही पॉलिसींत हे दिवस जास्तही असतात. कुणाला मानसिक आजारासाठी दाखल करावं लागलं असेल, तर घरी आल्यानंतरच्या सायकिॲट्रिस्टच्या व्हिडिओ भेटी, गोळ्या आणि तपासण्या यात बसतात हे अनेक कुटुंबांना माहीतच नसतं. थेरपीही मागून बघावी. त्यासाठी डिस्चार्ज कार्डावर ‘पुढील थेरपी आवश्यक’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. धावपळीत ती ओळ राहून जाते आणि नंतर कितीही खेटे घातले तरी कागदावर येत नाही.

तिसरं ठिकाण नोकरीचं, आणि कोथरूडसारख्या आयटीवाल्यांच्या वस्तीत हेच सगळ्यात जास्त उपयोगी. मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांसाठी बाहेरच्या समुपदेशन संस्थेशी करार करतात आणि वर्षाला ठरावीक सेशन्स फुकट देतात, बऱ्याचदा घरच्यांनाही. याला विमा लागत नाही, क्लेम लागत नाही, नोंदणी क्रमांकाची भानगड नाही. तरी लोक वापरत नाहीत, कारण एचआरला कळेल ही भीती. अशा करारांत कंपनीला साधारणपणे किती जणांनी सेवा घेतली याचा आकडा जातो, नावं जात नाहीत. २०१७ च्या कायद्याचं कलम २३ तर उपचारांबाबतच्या गोपनीयतेचा हक्कच देतं. तरीही मनात शंका असेल, तर पहिल्याच फोनवर सरळ विचारावं की माझ्याबद्दल कंपनीला काय कळतं. समोरच्याला याचं नेमकं उत्तर देता आलं नाही, तर ती सेवा सोडलेली बरी. ही सेशन्स मोजकी असतात, त्यामुळे दीर्घ कामाला ती पुरत नाहीत. पण आपल्याला नेमकं काय होतंय आणि कुणाकडे जायला हवं हे कळायला पुरतात.

बिलाविषयी दोन शब्द, कारण क्लेम बुडतो तो बऱ्याचदा इथे. यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे बिल नव्हे. बिलावर रुग्णाचं नाव, सेशनची तारीख, रक्कम, उपचार करणाऱ्याचं नाव, पात्रता आणि नोंदणी क्रमांक हवा. सोबत डॉक्टरांनी थेरपी सुचवल्याचं पत्र असलं तर उत्तमच. काही ॲप दहा-वीस सेशन्सचं पॅकेज सवलतीत विकतात आणि एकरकमी बिल देतात. तारीखवार बिल मिळत नसेल तर विम्यासाठी ते निरुपयोगी. थेरपिस्ट आणि आपलं जुळतं की नाही हे दोन-तीन सेशन्सशिवाय कळत नाही, तेव्हा वीसचं पॅकेज पहिल्याच दिवशी घेणं मला तरी घाईचं वाटतं. रद्द केलं तर पैसे परत मिळतात का, चोवीस तास आधी कळवलं नाही तर पूर्ण फी जाते का, हेही आधीच विचारून घ्यावं. पुण्यातल्या थेरपिस्टला फी कमी करा म्हणणं अनेकांना भाजीवाल्याशी घासाघीस केल्यासारखं वाटतं, पण ऐपतीनुसार फी घेण्याची पद्धत या व्यवसायात रूढ आहे. बरेच जण काही सेशन्स कमी फीसाठी राखून ठेवतात. ते आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं.

आता एक नाजूक गोष्ट. थेरपी घेतल्याचं विम्याच्या अर्जात लिहायचं का? अर्जात मानसिक आजाराबद्दल प्रश्न असतो आणि ‘नाही’वर खूण करायचा सल्ला कुणीतरी देतोच, कधीकधी एजंटच. हा सल्ला ऐकू नये. आधीपासूनचा आजार म्हणजे पॉलिसी घेण्यापूर्वीच्या ३६ महिन्यांत निदान झालेला किंवा उपचार घेतलेला आजार. २०२४ च्या नव्या नियमांनुसार अशा आजारासाठी थांबावं लागतं ते जास्तीत जास्त तीन वर्षं, पूर्वी चार होती. म्हणजे खरं सांगितलं तर बहुधा हप्ता थोडा वाढेल किंवा तीन वर्षं वाट पाहावी लागेल. लपवलं आणि नंतर कळलं, तर क्लेमसोबत पॉलिसीही जाऊ शकते. सलग साठ महिने पॉलिसी चालू राहिली की मात्र माहिती लपवल्याचं कारण काढून कंपनीला क्लेम अडवता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक तेवढी अपवाद. प्रश्न आजाराचा विचारला असेल आणि आपण फक्त नात्यातल्या ताणाविषयी समुपदेशन घेतलं असेल, निदान काही झालेलं नसेल, तर प्रश्नाचे शब्द नीट वाचून तेवढ्याचंच उत्तर द्यावं.

कोथरूडमध्ये मूल परदेशी नाही असं घर शोधावं लागतं, म्हणून हिशेबाची ही बाजूही बघितली पाहिजे. न्यू जर्सीत शिकणारा मुलगा रात्री मराठीत बोलायला कोथरूडच्या थेरपिस्टला व्हिडिओवर गाठतो. इकडे तेव्हा सकाळचे आठ. कारण पैशाचंही असतं: तिकडे एका सेशनला शंभर-दीडशे डॉलर सहज लागतात. अमेरिकेत मानसिक आणि शारीरिक आजारांत विम्याने भेद करू नये असा कायदा २००८ सालीच झाला आणि तिथला विमा ओपीडीही देतो. पण तो पैसे देतो ते त्या त्या राज्याचा परवाना असलेल्या थेरपिस्टला. पुण्यातल्या बिलाला तिथे किंमत नाही, आणि परवान्याशिवाय तिथल्या रहिवाशावर उपचार करणं त्या राज्याच्या नियमांत बसेलच असंही नाही. मोठी अडचण वेगळीच आहे. मुलाची अवस्था एखाद्या रात्री बिघडली, तर बारा हजार किलोमीटरवरचा थेरपिस्ट त्याच्या दारात कुणाला पाठवू शकत नाही. म्हणून विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात निदान एकदा तरी नाव नोंदवून ठेवावं. बऱ्याच ठिकाणी त्याचे पैसे विद्यार्थ्यांच्या शुल्कातच घेतलेले असतात. इंग्लंडला गेलेला विद्यार्थी व्हिसासोबत वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरतो, म्हणजे तिथल्या सरकारी सेवेतली मोफत टॉकिंग थेरपी हा त्याचा हक्क आहे आणि तिच्यासाठी नाव स्वतःच नोंदवता येतं. रांग लांब असते, म्हणून लवकर नोंदवावं. ऑस्ट्रेलियात तिथल्या मेडिकेअरमध्ये बसणाऱ्यांना फॅमिली डॉक्टरच्या योजनेवर वर्षाला दहा सेशन्सचे काही पैसे परत मिळतात. तेव्हा खुर्चीतल्या इलाजाला सार्वजनिक पैसा देता येत नाही, ही आपली समजूत खरी नाही. तो कसा मोजायचा याच्या रीती जगात बसल्या आहेत.

त्या मुलांचे इथे राहिलेले आईवडील हा आणखी एक वर्ग. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारतचं पाच लाखांचं कवच ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागलं. तेही खाटेचंच, ओपीडी त्यात नाही. आयकरातही थेरपीच्या फीला वेगळी सूट नाही. जुन्या करपद्धतीत मेडिक्लेमच्या हप्त्यावर पंचवीस हजारांपर्यंत आणि ज्येष्ठांना पन्नास हजारांपर्यंत वजावट मिळते. मेडिक्लेम नसलेल्या ज्येष्ठाला औषधोपचाराचा खर्च त्याच मर्यादेत दाखवता येतो. नवी करपद्धत निवडली की हे सगळं संपलं.

ज्यांना दीड हजार शक्यच नाहीत, त्यांच्यासाठीही वाटा आहेत आणि त्या कमअस्सल समजू नयेत. केंद्राची टेलिमानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक, चोवीस तास, फुकट आणि मराठीतही. ती आठवड्याच्या थेरपीची जागा घेत नाही, पण आज रात्रीचं काय, या प्रश्नाला उत्तर तिथे आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल २०१२ पासून फोनवर समुपदेशन देते. सदाशिव पेठेतल्या ज्ञान प्रबोधिनीत मानसशास्त्राचा विभाग आहे आणि समुपदेशनही होतं. राहिलं येरवडा. राज्याच्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक तिथे आहे आणि त्याला बाह्यरुग्ण विभागही आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतला उपचार मोफत झाला आहे, आणि वनाजहून रामवाडीला जाणारी मेट्रो थेट येरवड्यावरून जाते. नावाची भीती सोडली, तर औषधं लागणाऱ्या माणसाचा खर्च तिथे बराच उतरतो. गोळ्या तिथून आणि थेरपी खाजगी ऑनलाइन, अशी विभागणी करून घर चालवणंही शक्य आहे.

नवी पॉलिसी घेणाऱ्याने एवढं करावं: जानेवारी २०२४ पासून प्रत्येक पॉलिसीसोबत सोप्या भाषेतलं ग्राहक माहिती पत्रक देणं कंपनीवर बंधनकारक आहे आणि मागितलं तर ते मराठीत द्यावं लागतं. ते मागावं. त्यात ओपीडी आहे का, मानसिक आजाराला उपमर्यादा आहे का आणि सायकॉलॉजिस्टचा उल्लेख आहे का, या तीन गोष्टी शोधाव्यात. पॉलिसी हातात आल्यापासून तीस दिवसांत ती नापसंत म्हणून परत करता येते.

आणि क्लेम नाकारलाच तर? ओपीडी नसलेल्या पॉलिसीवर थेरपीची बिलं टाकली असतील, तर भांडून उपयोग नाही. पण मानसिक आजारासाठी दाखल झालेल्याचा क्लेम अडवला असेल, लाखांच्या पॉलिसीत हजारांची उपमर्यादा दाखवली असेल, किंवा ओपीडी असूनही केवळ ऑनलाइन म्हणून सायकिॲट्रिस्टचं बिल फेटाळलं असेल, तर बाजू भक्कम आहे. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी जायचं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, की विमा लोकपालाकडे. पुण्याचं लोकपाल कार्यालय नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर जीवन दर्शन इमारतीत आहे. फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना चालतच नाही. आपली बाजू आपणच मांडायची. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे आणि नकार लेखी हवा. कॉल सेंटरवरच्या मुलीने फोनवर ‘सर, होणार नाही’ म्हटलं, एवढ्यावर थांबू नये. तिच्याकडून तेच वाक्य पॉलिसीच्या कलमासकट ईमेलवर मागून घ्यावं.